वाढीच्या दिवसांत बंद केलेली गोळी

बहिणीनं भावाला किती द्यावं याला काही हद्द असते, असं मी धरून चालले होते. आमच्या शेजारच्या रतनबाईला ती हद्द कुणी दाखवलीच नव्हती.

मी विजयमाला. लिंबागणेशला आमच्या गल्लीत माझी शिलाई मशीन आहे, बायकांचे ब्लाऊज, परकर शिवते. रतनबाईच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. तिच्याकडची मेंढी शिंकली तरी मला ऐकू येतं. वर्षातले निम्मे महिने मात्र त्या घराला कुलूप असायचं, कारण तिचा नवरा म्हाळू मेंढपाळ, आणि दिवाळी सरली की दोघं कळप घेऊन गंगथडीला, गोदेकाठच्या रानांत, उतरायचे. घोड्यावर बिऱ्हाड, पुढे म्हाळू, मध्ये मेंढ्या, आणि सगळ्यांच्या मागे एखादं लंगडं कोकरू काखेत मारून रतनबाई. रात्री कुणाच्या तरी रानात मेंढ्या बसवायच्या, तिथंच तीन दगडांची चूल मांडायची. लेकीचं, मोहिनीचं लग्न परळीला करून दिल्यावर मी तिला म्हटलं होतं, आता तरी पायाला विसावा दे. तर म्हणाली, घरात झोपच लागत नाही, वर पत्रा दिसला की जीव घाबरा होतो. उन्हाळ्यात परत यायची तेव्हा काळी ठिक्कर पडलेली असायची आणि तोंडभर हसत असायची. घरी राहिली की आठवड्यात तोंड उतरायचं.

तिला एकच दुखणं होतं, बीपीचं. उपकेंद्रातल्या शिबिरात ते सापडलं. तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर एक गोळी. गंगथडीला जाताना कुंकवाच्या करंड्याआधी ती गोळ्यांची पिशवी बांधून घ्यायची. गोळी चुकली नाही की बीपी गुमान राहायचं, आणि ती डोंगर चढायची.

तिचा धाकटा भाऊ राधाकिशन सिरसाळ्याला असतो. बापानं हातात दिलेली काठी त्यानं विशीतच टाकली आणि मेंढ्या राखायच्या सोडून विकायला लागला. बाजारात जम बसला, मग पुढाऱ्यांच्या मागे फिरायला लागला, मग स्वतःच पुढारी झाला. चौकात त्याच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागायचे. पुढारीपणाबरोबर ढाबे आले, ढाब्यांबरोबर बाटली आली. बाटलीनं आपलं काम चोख केलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले, पोट पाण्यानं फुगलं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की लिव्हर संपलंय, घरातल्या कुणीतरी आपल्यातला तुकडा दिला तरच माणूस वाचेल.

आता देणार कोण? बायकोचा रक्तगट जुळला नाही म्हणे. मुलगा हरिओम, चांगला तालमीतला गडी, त्याचा जुळला. पण त्याच्यासाठी पोरी बघणं चालू होतं, आणि पोटावर हातभर टाका असलेल्या पोराला पोरगी कोण देणार? म्हणून सगळा गोतावळा जीप भरून रतनबाईच्या अंगणात आला. मी भिंतीपलीकडे काजं करत बसले होते, एकेक शब्द ऐकत होते. राधाकिशन पिवळे डोळे दाखवत नुसता बसून राहिला. बोलली त्याची बायको. म्हणाली, "पोराचं सगळं व्हायचं हाय. आक्काचं काय, तिचं सगळं होऊन गेलंय."

हे वाक्य मी मेले तरी विसरणार नाही. पन्नाशीही न गाठलेल्या, डोंगर चढणाऱ्या बाईला तिच्याच अंगणात बसून, तिचाच चहा पीत असं सांगायचं! मी तोंडातला दोरा तोडला आणि उठणार होते, तेवढ्यात रतनबाईचा आवाज आला. ती एवढंच विचारत होती की कापल्यावर आपलं पुढे काय होतं.

त्यावर सगळे एकदम बोलायला लागले. लिव्हर परत वाढतं! माणसाच्या अंगात तेवढी एकच वस्तू अशी की निम्मी कापली तरी दोन-चार महिन्यांत भरून येते. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि ते खरंही आहे. म्हाळूला तर ते लगेच पटलं. लोकर कातरली की परत येतेच की. झालं, ठरलं. पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती अशी की, परत वाढतं म्हटल्यावर देणाऱ्यानं काही दिलं असं कुणाला वाटेनासंच होतं. मेंढी कातरताना तिचे कुणी आभार मानतं का?

पुण्याला तपासण्या झाल्या. तिच्या बीपीमुळे डॉक्टर आधी बिचकले. हृदय तपासलं, किडन्या तपासल्या, आणि एका गोळीवर सगळं ताब्यात आहे म्हणून तयार झाले. गोळी कधी चुकवायची नाही, असं तिला दोनदा बजावलं. मग एका खोलीत चार-पाच साहेबांनी कॅमेरा लावून विचारलं, तुमच्यावर कुणी जबरदस्ती केली का, काही आमिष दाखवलं का? ती म्हणाली, "भाऊ हाय माझा." साहेबांना एवढं उत्तर पुरलं. खरं तर विचारायला पाहिजे होतं ते हे की, बाई, तुला नाही म्हणता येतं का?

मोहिनीच्या कडेवर तान्हं होतं, म्हणून ऑपरेशनच्या वेळी पुण्याला रतनबाईजवळ मी राहिले. तिच्या पोटावर वरून खाली आणि मग उजवीकडे वळलेला असा टाका होता की परकराची नाडी बांधायला जागाच उरली नव्हती. मी तिला खांद्यावरून सोडायचे झगे शिवून दिले, समोरून उघडणारे. त्याही अवस्थेत तिला हसू आलं, म्हणाली, लहान पोरीगत झबलं घातलंस मला. पलीकडे राधाकिशनच्या खोलीबाहेर कार्यकर्त्यांची रीघ होती. सिरसाळ्याच्या चौकात मोठा फ्लेक्स लागला होता, ‘मृत्यूला हरवून परतणारा आमचा ढाण्या वाघ’. हरिओमनं मला फोनवर फोटो दाखवला. त्यात पुढारी होते, कार्यकर्ते होते, कोपऱ्यात कुणाचं तरी पोरगंही होतं. मी आक्का कुठं आहे म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, जागा उरली नाही.

महिन्याभरानं दोघांनाही तपासणीला बोलावलं. एकाच जीपमध्ये आम्ही गेलो. राधाकिशन, हरिओम, म्हाळू, रतनबाई आणि मी. तिथं एक तरुण डॉक्टर होता, सरळ आणि जरा जास्तच खरं बोलणारा. त्यानं सांगितलं, वाढ चांगली आहे, अजून थोडी बाकी आहे. नव्या औषधांनी राधाकिशनचंही बीपी चढलं होतं, म्हणून त्यालाही बीपीची गोळी लावून दिली.

तेव्हा म्हाळूनं तोंड उघडलं. गरीब माणूस, हॉस्पिटलात आला की पायातल्या वहाणा हातात घेऊन चालायचा. त्यानं विचारलं, पोटात वाढ चालू असताना ही गोळी चालते का, वाढ खुंटत तर नाही? दुसरा कुणी डॉक्टर असता तर "चालते" म्हणून मोकळा झाला असता. हा खुर्ची पुढे ओढून नीट सांगायला बसला. म्हणाला, प्रश्न चांगला आहे. उंदरांवर प्रयोग झालेत. बीपीच्या गोळ्या अनेक तऱ्हेच्या असतात. काहींनी उंदरांच्या लिव्हरची वाढ मंदावलेली दिसली, काहींनी उलट ती वाढायला मदत झाली. माणसांचं अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण गोळी बंद केली तर बीपी चढेल, आणि त्याचा धोका मात्र अगदी पक्का आहे. म्हणून गोळी बंद करायची नाही. हे सगळं त्यानं मराठीत सांगितलं, सावकाश सांगितलं. मी तिथं होते.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, म्हणतात ते काय खोटं नाही. जीप घाटाला लागेपर्यंत डॉक्टरच्या बोलण्यातलं एवढंच शिल्लक राहिलं होतं की बीपीच्या गोळीनं लिव्हरची वाढ मंदावते.

म्हाळूचं एक मी समजू शकते. मेंढपाळाचा नियमच आहे, गाभण मेंढीला जंताचं औषध पाजायचं नाही. सगळा कळप ओळीनं पाजतील, पण गाभण मेंढी बाजूला काढतील. पोटात काही धरलेलं असताना वरून औषध गेलं की पोटातलं गळतं, हे त्यानं बापाकडून शिकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं. तो जीपमध्ये हेच म्हणाला. आपल्या बायकोच्या पोटातही आता वाढ धरलीय, ती पुरी होईस्तोवर औषध नको. त्याच्या मनात काडीचं पाप नव्हतं. तो तिला त्याच्या कळपातल्या सगळ्यात जपणुकीच्या जनावरासारखा जपत होता, आणि त्यातच तिचा घात झाला.

पण राधाकिशनचं काय? तो पुढच्या सीटवरून वळला आणि म्हणाला, "दाजी बराबर बोलतेत. चार म्हैने गोळी न्हाई खाल्ली तर काय आभाळ कोसळतंय व्हय?"

मी भांडले. म्हटलं, डॉक्टरनं बंद करू नका म्हणून सांगितलंय, तुम्ही निम्मंच कसं काय ऐकलं? तो हसला आणि म्हणाला, "वैनी, तुमी आपले ब्लाऊज शिवा." रतनबाई खिडकीतून बाहेर बघत होती. रानात कुणाच्या तरी मेंढ्या बसल्या होत्या, ती मान वळवून दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. भरून आलं असं डॉक्टरनं म्हटल्याशिवाय म्हाळू तिला गंगथडीला नेणार नव्हता, आणि दिवाळी जवळ येत चालली होती.

राधाकिशनला एवढी घाई का, तेही सांगते. तो बरा झाला, गाल वर आले, पांढरे कपडे घालून सभांना जायला लागला. पण विरोधातले लोक त्याला टोचायचे. भर चौकात म्हणायचे, बहिणीच्या जिवावर उभा राहिलेला माणूस गावाला काय उभं करणार? उपकाराचं ओझं गरिबाला जड होतं असं म्हणतात, पण पुढाऱ्याला ते त्याहून जड होतं. बहिणीचं लिव्हर एकदा पुरतं भरून आलं की त्याला चारचौघांत सांगता आलं असतं, जेवढं घेतलं तेवढं तिला परत मिळालं, हिशेब संपला. म्हणून त्याचा सारखा फोन यायचा. आक्का, वाढलं का? दाजी, गोळी बंद हाय ना? म्हाळू फोन स्पीकरवर ठेवायचा, मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

मी रतनबाईला एकटीला गाठून विचारलं. तिनं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथेवर सांगितलं की ती म्हाळूच्या पाठीमागं रोज गोळी घेते. मला पटलं. पुढे कळलं की पाकीट म्हाळूनं कधीच चुलीत घातलं होतं, आणि तिनं ते घालू दिलं होतं. मला ती नुसती गप्प बसवत होती.

दिवाळी झाली. घोड्याला नवीन नाल ठोकले, पालांची कापडं, दोऱ्या बाहेर काढल्या. निघण्याआधी बीडला पोटाची तपासणी करून घ्यायची, भरलंय म्हणाले तरच तिला न्यायचं, असं म्हाळूचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या सकाळी ती मेंढरांच्या वाड्यात एका कोकराला आईखाली लावत होती. मी अंगणात सडा टाकत होते. कोकरू तिच्या हातातून सुटलं, तिनं धरायला हात पुढे करू पाहिला तर हात उठलाच नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला गेली, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मग ती मेंढ्यांमध्ये खाली बसली, आणि मेंढ्या तिच्या भोवती गोळा झाल्या.

बीडला नेलं. बीपी इतकं चढलेलं होतं की नर्सनं यंत्र बिघडलंय समजून दुसरं आणलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू होती का, कधीपासून बंद आहे, कुणाच्या सांगण्यावरून बंद केली? म्हाळूनं कुणाचंच नाव घेतलं नाही. म्हणाला, म्या बंद केली, पोटात वाढ चालू होती. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही, आणि समजावून सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती.

तिच्या पोटाचीही सोनोग्राफी केली. संध्याकाळी म्हाळू बाहेर आला आणि माझ्यासमोर फरशीवर बसला. म्हणाला, "वैनी, पुरतं भरलंय म्हन्ले. कायबी कमी न्हाई." पीक चांगलं आल्याची बातमी सांगावी तशा आवाजात तो हे बोलला. आणि मग त्यानं पटक्यात तोंड घातलं आणि असा रडला की जाणारी-येणारी माणसं थांबली.

ती वाचली. वाचली म्हणायचं. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तोंडातून आवाज येतो, त्याचे शब्द होत नाहीत. म्हाळूनं निम्मा कळप विकला, उरलेला भाच्याकडे दिला. माणूस आयुष्यभर कुणाच्या तरी रानात झोपला, तो आता रोज बायकोला कुशीवर वळवत पत्र्याखाली झोपतो. गोळी तिला आता तोच देतो, सकाळी, कुटून, पाण्यात कालवून. गावातल्या बायका बघायला आल्या की हमखास विचारतात, लिव्हर तरी आलं ना गं भरून? मी त्यांना तोंडावर सुनावते. माझ्या दारात आता कमी बायका येतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

माघात राधाकिशन आला. हरिओमचं लग्न जमलं होतं. पहिली पत्रिका आक्काला, म्हणून बाप-लेक गाडी घेऊन आले होते. मी रतनबाईला वाटीनं पेज भरवत होते. राधाकिशन तिच्या उशाशी बसला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. डोळ्यांत पाणी आणलं. खरं असेल, मी कशाला खोटं म्हणू? मग म्हणाला, नशिबात होतं ते झालं, कुणाचा काय इलाज? पण आक्का, एक बरं झालं, तू मला दिलं ते देवानं तुला भरून दिलं.

तेवढ्यात हरिओमच्या फोनची घंटी वाजली. बापाच्या औषधाची वेळ. त्यानं डबी काढून दोन-तीन गोळ्या बापाच्या तळहातावर ठेवल्या. त्यातली एक बघून मी विचारलं, ही बीपीची ना रे, ही चालूच आहे?

हरिओम भोळेपणानं म्हणाला, "व्हय मावशी. त्या टायमाला बंद करावी का म्हणून पप्पांनी पुण्याला फोन लावलता ना. डॉक्टर लई भडकले. म्हन्ले, अजिबात बंद करायची न्हाई. तुमची बी न्हाई आन आत्याची बी न्हाई."

पोराला वाटलं आपण साधं काहीतरी सांगितलं. म्हाळू दारात उभा होता. तो आत आला, राधाकिशनसमोर उकिडवा बसला. आवाज चढवला नाही.

"मग मला एक फोन कावून न्हाई केलास?"

राधाकिशन खाली बघत म्हणाला, "आक्काचं लवकर भरून यावं वाटत होतं, दाजी. लोकं मला टोचून खात होते."

म्हणजे स्वतःच्या अंगावर जे करून बघायची त्याची छाती झाली नाही, ते त्यानं बहिणीच्या अंगावर होऊ दिलं, आणि वर फोन करून बंदच आहे ना याची खात्री करत राहिला. आधी तिचा तुकडा घेतला, मग तो घेतला याची आठवण नको म्हणून उरलेली बाईही घेतली. हे मी त्याला त्याच्या तोंडावर म्हटलं, याच शब्दांत. हरिओम रडायला लागला. म्हाळू तसाच बसून राहिला, जणू कुणीतरी आत्ताच त्याच्या पाठीवरचं एक पोतं उतरवून त्याहून जड ठेवलं होतं.

तेव्हा रतनबाईनं आवाज केला. आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं, तिचे कान आणि डोकं शाबूत आहेत. डाव्या हातानं ती भावाकडे बोट करत होती आणि घशातून तेच ते काढत होती. राधाकिशन घाबरला. त्याला वाटलं, आक्का शाप देतेय. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, दे. एकदा तरी दे.

म्हाळूनं तिच्या तोंडाशी कान नेला. तिचं बोलणं त्यालाच तेवढं कळतं. मग तो उठला, तिच्या उशाचा पाण्याचा तांब्या उचलून त्यानं राधाकिशनपुढे ठेवला.

"गोळी घे म्हनतीय," तो म्हणाला. "टाइम व्हायलाय तुजा."

राधाकिशननं तळहातावरच्या गोळ्या तोंडात टाकल्या आणि तिच्या तांब्यातलं पाणी प्यायला. त्यानं गिळलं हे बघितल्यावर तिनं हात खाली घेतला आणि डोळे मिटले.

मी पेजेची वाटी तिथंच ठेवून बाहेर आले. म्हाळूची मला दया येते, राधाकिशनची किळस येते. पण त्या दुपारी मला सगळ्यात जास्त राग रतनबाईचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.